पत्र्याच्या रिंगणातली ऊब

पायल, पाहुणी असलीस तरी तो मोबाइल ठेव खाली आणि मेणबत्ती जरा लांब सरकव, माझं नाक जळेल. लाईट येईस्तोवर सांगते. मधे हसायचं नाही. हसलीस तर उशीखाली पाल ठेवीन. रबराची का खरी, ते सांगणार नाही.

हिंजवडीला कंपन्या यायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. कोथरूडच्या पुढं, टेकडीच्या अंगाला आमची कोंबड्यांची शेड होती. शेड माझ्या सुनेची, रुपालीची. सुदर्शन माझा मुलगा, कंप्युटरवाला. त्याला वास खपायचा नाही. "आई, जागा बिल्डरला देऊन टाकू," हे रोजचं. शेवटी नवराबायकोचं ठरलं, ही एक बॅच नीट निघाली तर शेड राहणार. नाहीतर कुलूप.

त्या दिवशी मी मंडईत गूळ आणायला गेले होते. नवी पिल्लं आली की पहिलं पाणी गुळाचं पाजतात. परत आले तर पिल्लं उतरलेली. खाली भुसा, भोवती पत्र्याचं गोल रिंगण, वर बल्ब. रिंगण गोलच लागतं, कोपरा दिसला की पिल्लं त्यात चढाचढी करून चेंगरतात. पिवळा गोंगाट नुसता! यंत्रात उबवलेली ती. कोंबडी कशाशी खातात त्यांना ठाऊक नाही. बल्ब हीच त्यांची आई.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मरायला लागली.

बल्बखाली नाही गं. बल्बपासून लांब, गारठ्यात. गोल करून बसलेली, तोंडं आत, आणि मधे सुपाएवढी जागा मोकळी. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टरांनी पोट फाडून बघितलं, म्हणाले, "थंडी."

मी म्हटलं, "थंडी वाजली की आपण शेकोटी सोडून अंगणात जाऊन बसता का हो?"

त्यांनी बॅग आवरली.

मला संशय सुदर्शनचा. त्यालाच शेड नको होती ना! डबा देताना मी त्याचे हात हुंगायचे, औषधाचा वास येतो का म्हणून. तो संशय घ्यायचा पिल्लं देणाऱ्यांचा. मग कंपनीनं त्याला बंगलोरला पाठवलं. तरी मरायचं थांबेना.

मग उरलं कोण? मी. खोड्या काढणारी म्हातारी.

"आई, खरं सांगा," रुपाली म्हणाली, "हा तुमचा खेळ नाही ना?"

"हो, रोज उठून माना पिरगाळते. व्यायाम होतो."

हसली नाही. किल्ली कमरेला लावली आणि मला शेडची बंदी. लागलं बाई मनाला. तिची आई तिला जन्म देतानाच गेलेली. मला आई म्हणायला तिनं वर्ष घेतलं होतं.

आणि एका भर दुपारी तीच दारात. तोंड पांढरं.

"आई... या जरा. किल्ली माझ्याच कमरेला होती... तरी..."

गेले. बाहेर टळटळीत ऊन, आत पोत्यांच्या पडद्यांनी अंधार, बल्बचा तेवढा उजेड. ओल्या भुशाचा वास. आणि चिवचिवाट नाही. उरलेली सगळी पिल्लं त्या मोकळ्या जागेभोवती, गप्प. मी वाकून मधे हात घातला. भुसा गरम. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली की खाली लागतो ना, तसा गरम.

सरळ सरुबाईकडं गेले. आमची शेजारीण. तिची गावरान कोंबडी खुडूक बसलेली, माणसाच्या पोटरीला चावणारी अवदसा. म्हटलं, जागा रिकामी दिसते म्हणून कोणीतरी बसतंय. आपण आपली बसवू.

"गावरान आत सोडली तर रोग येईल," रुपाली म्हणाली.

"आता कसला यायचा राहिलाय?"

सोडली. कोंबडी फुलली, पंख पसरून त्या जागेवर धावून गेली. आणि थांबली. पिसं खाली बसली. मग पोटावर सरकत सरकत पुढं गेली, मान वाकवली आणि कशाच्या तरी खाली डोकं खुपसलं. वर काही नव्हतं, पायल. नुसती हवा. आणि एवढी थोरली कोंबडी आवाज काढते कसला... चिव... चिव...

"आणते तिला," म्हणून रुपाली पत्रा ओलांडून आत गेली. वाकली. उठेचना. हळूच खाली बसली.

"रुपाली?"

"किती ऊब आहे हो इथं..."

तिची मान झुकायला लागली. त्या कोंबडीसारखीच.

मी तिची वेणी धरली आणि ओढली. पत्रा कलंडला, बल्ब फुटला, माझं ढोपर सोलपटलं. फरफटत बाहेर उन्हात आणली. आत बघितलं तर कोंबडी आडवी झालेली.

रुपालीच्या तोंडावर पाणी मारलं. वाटलं, आता गळ्यात पडेल. तर ती माझ्याकडं बघत राहिली. सवतीकडं बघतात तशी.

"का ओढलंत मला?"

"अगं बये, मेली असतीस!"

"ती म्हणालीच होती," रुपाली म्हणाली, "तुम्ही ओढाल म्हणून."

शेडला कुलूप लागलं, जागा बिल्डरला गेली. तिनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. पण त्या दिवसापासून ती मला आई म्हणत नाही. 'अहो' म्हणते. आणि ती म्हणजे कोण, हे विचारलं की मान जराशी वाकवते, कशाच्या तरी खाली घातल्यासारखी.