बातमी पक्की आहे

केशोराव येळे खोटं बोलूच शकत नाहीत, हे गोरेगाव तालुक्यातलं एकमेव निर्विवाद सत्य होतं. धानाचा भाव, एसटीची वेळ आणि आमदारांचा पक्ष यांवर वाद चालायचे. पण नागपूरच्या चॅनलवर केशोरावांनी "बातमी पक्की आहे" म्हटलं की विषय संपला. आमच्याकडे सोयरिकीही याच वाक्यावर ठरायच्या.

त्यात आमच्या गावच्या चैतरामची पंचाईत झाली. इटियाडोह धरणाच्या कालव्यात बुडाला दुसराच कोणी. केशोरावांनी नाव वाचलं चैतरामचं. तो तेव्हा चहा पीत तीच बातमी पाहत होता. गावाने त्याची तेरवी केली. तो पंगतीत बसला, पण त्याच्यापुढे पत्रावळ आली नाही. बायको प्रेमिला तेव्हापासून त्याचं ताट कावळ्यासाठी ठेवावं तसं अंगणात ठेवते.

यंदा मे महिन्यात बाजारचौकात केशोरावांचा नागरी सत्कार झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शाल देऊन झाली, हार बाकी होता, तेवढ्यात चैतराम मंचावर चढला.

"साहेब, एकडाव सांगून द्या न, मी जिता आहो म्हणून."

केशोरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे बाबा, दिलेली बातमी मागे घेतली तर लोकांच्या विश्वासाचं काय?"

टाळ्या पडल्या.

"हाव जी," म्हणून चैतराम पहिल्या रांगेत जाऊन बसला. कालवा कोरडा होता, तरी मंडपात ओल्या गाळाचा वास येऊ लागला.

केशोरावांच्या जुन्या बातम्या दाखवायला लावलेला टीव्ही आपोआप उजळला. पडद्यावर केशोराव. खांद्यावर आम्ही आत्ताच दिलेली शाल.

"ज्येष्ठ वृत्तनिवेदक केशोराव येळे यांचं गोरेगाव येथे सत्कारादरम्यान निधन. बातमी पक्की आहे."

बायकांनी डोक्यावर पदर घेतले.

"अहो, मी इथे बसलोय," केशोराव म्हणाले.

शेजारी बसलेल्या नगराध्यक्ष नंदाबाईंनी डोळे पुसले. "देवमानूस होता जी."

केशोरावांनी माईक ओढला. माईक चालू होता. ते ओरडले. कोणी मान वर केली नाही.

"काऊन ओरडून राहिले साहेब?" चैतराम खालून शांतपणे म्हणाला. "मले आयकू येऊन राहिलं न."

सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. मीही राहिलो, सूत्रसंचालकाने बसून कसं चालेल?

सत्काराचा हार बॅनरवरच्या फोटोला घातला. नवा आणावा लागला नाही.