फ्रेमबाहेरचा मुन्ना

कारंज्यातल्या 'प्रभात निवास'च्या काउंटरवर मंजुषा एका दुपारी खोली विचारायला आली आणि आल्या आल्या भांडायलाच लागली.

"मोबाईलवरचे हे फोटो कोणं काढले जी?"

"म्या," काउंटरवरचा मुन्ना छाती फुगवून म्हणाला.

"पंचनाम्याले काढल्यावानी दिसतात!"

बिचाऱ्याचा चेहराच पडला. पण तिचं चूक काय होतं? कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी बांधलेलं नव्वद वर्षांचं हॉटेल, सागवानी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या... आणि याच्या फोटोत काय, तर पलंग आणि बादली! गिऱ्हाईक यायचं ते बुकिंगच्या ॲपवरून, तेही चुकूनमाकून. मंजुषा रिठदची, लग्नाचे व्हिडिओ करणारी. म्हणाली, "मी व्हिडिओ काढून नेटवर टाकते. खाली हॉटेलचा नंबर टाकू, लोकं सरळ तुमालेच फोन करतीन." मुन्नाचे वडील, हॉटेलचे मालक पंजाबराव, लगेच तयार झाले.

चार दिवसांचं काम. मुन्ना पहिल्याच दिवशी कामातून गेला. जिन्यावर ऊन यावं म्हणून ती पायरीवर तासभर बसायची, ओढणी कमरेला खोचून, एक डोळा मिटून... आणि हा रजिस्टर उलटं धरून तिच्याकडे बघत राहायचा. दुसऱ्या दिवशी तिनं त्याचाही एक व्हिडिओ घेतला, पाहुण्याला किल्ली देताना, हसताना. त्यानंतर मात्र कॅमेरा त्याच्याकडे वळलाच नाही!

वळला कुठे? स्वयंपाकघरात, आचारी अशफाककडे.

"अशफाकभाई, भाकर अजून एक डाव थापा ना... वा! काय हात हायेत!"

अशफाक दोन लेकरांचा बाप होता, हे मुन्नाला चांगलं ठाऊक होतं. तरी तो अस्सा जळफळला, की जेवणही जाईना. भाकरी काय, मीही थापली असती! तिसऱ्या दिवशी ऐन उन्हाच्या वेळी त्यानं अशफाकला मुद्दाम बाजारात पिटाळलं. आता तरी बोलावेल आपल्याला... पण कुठलं काय! तिनं पंजाबरावांना फेटा बांधायला लावला आणि ताट वाढताना त्यांनाच टिपलं. मुन्नाला आता सख्ख्या बापाचाही राग येऊ लागला.

चौथा दिवस उजाडला. पाचची बस पकडून ती निघणार होती, आणि मनातलं एक अक्षर याच्या तोंडून फुटलं नव्हतं. तिनं बॅग काउंटरवर ठेवली, तसा तो उसळलाच.

"सारं हॉटेल काढलं तुनं. खिडक्या, मांजर, बाबा, तो अशफाक... माह्या तोंडाले का झालं होतं?"

मंजुषाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. मुन्नानं हात पुढे केला, पण तिनं झडप घालून उचलला.

"हो, प्रभात निवासच... हो, खोल्या हायेत, सरळ इथंच बुकिंग होते... काय? किल्ली देणारे?" तिचा आवाज एकदम धारदार झाला. "हायेत ना. पण त्यायचं लग्न ठरलं हाय!"

पलीकडचं ऐकून, रजिस्टरात काहीतरी लिहून तिनं फोन ठेवला. मुन्ना थक्क.

"परवा तुहा व्हिडिओ टाकला होता," ती खाली बघत म्हणाली. "घंटाभरात काढून टाकला. साऱ्या पोरी एकच इचारून राह्यल्या, काउंटरवरचा कोण हाय म्हणून... मले नाही पाहवलं. मंग कॅमेराच नाही धरला तुह्याकडं."

म्हणजे दोन दिवस आपण इकडे जळतोय, आणि ही तिकडे... मुन्नाला हसू आवरेना.

"अन् बुकिंग गेलं ना माह्यं!"

"नाही गेलं. दोन खोल्या घेतल्या तिनं. मायबापाले घेऊन येऊन राह्यली."

"बरं..." तो काउंटरवर वाकला. "लग्न कधी ठरलं म्हणते माह्यं?"

"आत्ताच." तिनं पहिल्यांदाच नजर वर केली. "तुले पसंत नसन, तर तिले फोन लावून सांगते — ठरलं नाही म्हणून."

मुन्नानं दोन्ही हातांनी फोन घट्ट दाबून धरला.