एकेक पिल्लू

"अहो, सांभाळून!"

जनावरांच्या दवाखान्याच्या दारात दोघं समोरासमोर आदळली. तो घरी निघाला होता, ती आत घुसत होती. चूक कुणाची हे ठरायच्या आतच तिच्या हातातल्या पिशवीतून एक इवलंसं डोकं वर आलं, म्याँव म्हणालं... आणि धाकटे डॉक्टर घरी जायचं विसरले.

ती मावशीच्या शिलाईच्या दुकानात काम करायची. तिथे कापडाच्या गठ्ठ्यांमागे एका मांजरीने तीन पिल्लं घातली आणि महिनाभरातच ती बिचारी गाडीखाली गेली. तेव्हापासून पिल्लांची आई हीच. नावंही दुकानातलीच ठेवलेली – बटण, बॉबिन आणि सगळ्यांत छोटी चिंधी.

"हा बटण," तिने त्याला टेबलावर ठेवलं. "तसा खाऊनपिऊन सुखी आहे हो. पोट बघा ना, कसं टम्म! फक्त कालपासून उलट्या..."

"ते सुख नाही," तो हसू दाबत म्हणाला. "ते जंत आहेत."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे... आठवडाभर मी जंतांचं कौतुक करत होते?"

आता मात्र तो खो खो हसत सुटला आणि त्या हसण्यावर ती भाळली. माणसं चांदणं बघून प्रेमात पडतात. ही दोघं जंतांवरून पडली, त्याला कोण काय करणार!

त्याने पिल्लाचं वजन केलं आणि बिनसुईच्या सिरिंजमध्ये औषध भरलं. तिने बटणची मान धरली, त्याने ओठाच्या कोपऱ्यातून थेंब थेंब औषध सोडलं. त्यातलं थोडं बटणने डॉक्टरांच्या कोटावरच थुंकलं. या झटापटीत बोटांना बोटं लागली, आणि ती मागे घ्यायची घाई दोघांनीही केली नाही.

"दुकानात अजून दोन आहेत. त्यांनाही लागेल का?"

तो जरासा थांबला. "लागेल ना... पण एकेकच आणा. शुक्रवारी एक, मंगळवारी एक. संध्याकाळी मी असतो. सकाळी काका बसतात."

सगळी एकदम का नकोत, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही.

शुक्रवारी ती बॉबिनला घेऊन आली. केस नीट विंचरलेले, नवा ड्रेस, कपाळावर घाम.

"बॉबिनसाठी एवढा थाट?" त्याने विचारलं.

"मग! तिची पहिलीच वेळ दवाखान्याची." मग ती जरा गंभीर झाली. "चिंधी खात नाहीये हो. नुसती हाडं राहिलीत, पोट तेवढं मोठं."

"मंगळवारी आणा की तिला. नंतर मात्र पिल्लं संपली... मग कुठलं निमित्त काढणार तुम्ही?"

"दुकानात गठ्ठे पुष्कळ आहेत," ती लाजून म्हणाली. "शोधते आणखी एखादं."

ती गुणगुणतच घरी गेली.

सोमवारी दुपारी चिंधी कोलमडली. हिरड्या पांढऱ्याफटक, पोट दगडासारखं. हातातला शर्ट तसाच मशीनवर टाकून ती धावत सुटली. दवाखान्यात थोरले डॉक्टर होते, शेजारी त्यांचा पुतण्या.

"एका आईची ना ही पिल्लं?" बाकीच्या दोघांना औषध दिल्याचं ऐकून काकांनी सलाईन लावता लावता विचारलं. "हे जंत आईच्या दुधातून येतात. एकाला झाले की सगळ्यांना असायचेच. तिघांना एकाच दिवशी द्यायचं असतं औषध. तुला कुणी सांगितलं नाही, बाळ?"

तिने धाकट्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीच... मीच उशीर केला."

दिवेलागणीला चिंधी तिच्या कुशीतच गेली.

तो तिच्यामागे पायऱ्यांपर्यंत आला. "माझ्यासाठी खोटं का बोललात? एकेक आणा असं मी मुद्दाम सांगितलं. तुम्ही पुन्हा यावं म्हणून. वाटलं, चार दिवसांत असं काय बिघडणार... मला तुम्ही आवडता. हे सांगायचं होतं, पण असं नव्हतं सांगायचं."

"मला कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "पिशवीत तिघं मावतात, एवढी अक्कल आहे मला. शुक्रवारी चिंधीलाच आणायला हवं होतं. पण ती सगळ्यांत आजारी, तिला आणली असती तर तुम्ही तिच्यातच गुंतला असता... त्या दिवशी मला तुमच्याशी बोलायचं होतं. म्हणून तिला मागे ठेवली."

त्याचे डोळे भरून आले होते.

"मलाही आवडता तुम्ही," ती म्हणाली. "खूप आवडता. पण तुम्ही हसलात ना, की आता मला हीच दिसेल."

"थोडे दिवस जाऊ देत..."

"नको. बाकीच्या दोघांचा पुढचा डोस मी सकाळीच घेईन. काका असताना."

त्याचा हात पुढे आला, तिच्या कुशीतल्या चिंधीच्या कानांवरून फिरला आणि खाली गेला. ती वळली.

दुकानात मावशीने दारातूनच ओळखलं. काही न विचारता तिने जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड गं, रड. किती जीव लावला होतास त्या पिल्लाला!"

ती मावशीच्या मांडीत तोंड खुपसून पोटभर रडली. त्यातलं अर्धंच रडणं चिंधीसाठी होतं, हे मात्र तिला मावशीलाही सांगता आलं नाही.