सामन्याआधीची पाच मिनिटं

सप्टेंबर २०१० च्या शेवटच्या आठवड्यात डॉ. शोभना अधिकारी दुबईत, अल बर्शातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आल्या. त्यांनी पर्समधून आधी पत्र काढलं आणि मग खुर्ची ओढली.

सुमेधा टिपणीसने पत्राला लगेच हात लावला नाही. "आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर विजयकुमार खोतने वही उघडली. वर्षभरापूर्वीपर्यंत तो एका बांधकाम कंपनीत खर्चाचे अंदाज काढणारा एस्टिमेटर होता. मंदी आली, अर्धे टॉवर अर्धेच राहिले आणि त्याचीही नोकरी गेली. आता तो सुमेधाकडे होता. नोकरीसाठी अर्ज केलेल्या माणसांची मागची माहिती खरी की खोटी, हे ती कंपन्यांना तपासून देत असे. जे मोजके लोक नेमायचे ते तरी पारखून घ्यावेत, असं हल्ली सगळ्यांना वाटायला लागलं होतं. त्यामुळे मंदीतही तिला काम होतं.

"आमच्या कॉलेजला फुटबॉलचा कोच नेमायचाय," शोभनाबाई म्हणाल्या. त्या प्राचार्य होत्या. "रामचंद्र तोडणकर. अबुधाबीच्या पलीकडे रुवैसला रिफायनरीत सेफ्टीचं काम करतात आणि तिथल्या शाळेच्या टीमला शिकवतात. फेब्रुवारीत आमच्याच ग्राउंडवर आंतरशालेय फायनल झाली, ती त्यांच्या टीमने जिंकली. मुलाखत बुधवारी झाली. कमिटीने जवळजवळ नक्की केलं होतं. आणि काल हे पोस्टाने आलं."

पत्र इंग्रजीत टाइप केलेलं होतं. दोनच वाक्यं मराठी, रोमन लिपीत. सुमेधाने ते मराठी करत मोठ्याने वाचलं.

"'फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी फायनल पाहायला मी बर्जुमानहून मेट्रोने आलो. साडेनऊला सामना सुरू होण्याआधी मी कपडे बदलायच्या केबिनबाहेर उभा होतो. आत एक खेळाडू कोचला म्हणाला, सर, डोकं गरगरतंय, दोनदा उलटी झाली. कोच म्हणाले, चाळीस मिनिटं काढ, कोणाला बोलू नकोस. मुलाचं नाव लिहीत नाही, त्याची काही चूक नाही. नेमणुकीआधी हे कोचला विचारावं. एक पालक.'"

"तो मुलगा कोण?" विजयकुमारने विचारलं.

"तन्मय पाटणकर. गुरुवारच्या सेमीफायनलला त्याचं डोकं दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आदळलं होतं. शुक्रवारी गोल मारला आणि तिथेच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. वाचला, पण डाव्या कानाने ऐकू येत नाही. आता तो आमच्याकडेच फर्स्ट इयरला आहे." शोभनाबाईंनी चष्मा काढला. "तोडणकरांनी त्याला उचलून स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, खेळ शिकवायला माणूस हवाय, कीर्तन करायला नाही. दुसरा म्हणतो, पोरं ज्याच्या हाती द्यायची त्याचा स्वभाव नको का बघायला? मला दोनच गोष्टी हव्यात. हे खरं आहे का? आणि लिहिलं कोणी?"

* * *

कॉलेजचा सहायक कोच जय सबनीस ग्राउंडवरच भेटला. कोचच्या जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता, हे त्याने आपणहून सांगितलं.

"म्हणजे माझ्यावर संशय येणार, बरोबर ना? येऊ दे," तो हसला. "मॅडम, कोच चांगला की वाईट ते स्कोअर सांगतो. बाकी सब बाद में. पण मी निनावी लिहिणाऱ्यातला नाही."

"फायनलला तुम्ही होतात?"

"आयोजनच माझ्याकडे होतं. इतर दिवशी मेट्रोने येतो, त्या सकाळी टॅक्सी केली. साडेसातला इथे हजर."

"सामन्याआधी केबिनमध्ये कोण कोण होतं?"

"सगळी टीम वॉर्म-अपला बाहेर आली होती. तोडणकर आणि तन्मय शेवटी आले. दोघंच. पाचेक मिनिटं उशिरा. मी घड्याळच बघत होतो, रेफरी यल्ला यल्ला, चला चला, करून माझ्या मागे लागला होता."

ती केबिन म्हणजे ग्राउंडच्या कडेला ठेवलेली पत्र्याची पोर्टाकॅबिन होती. भिंतीत जुना एसी बसवलेला. सुमेधा आत गेली, दार लावलं आणि विजयकुमारला बाहेर दाराला कान लावून उभं राहायला सांगितलं. दोन मिनिटांनी तिने दार उघडलं.

"काय ऐकू आलं?"

"एसीची घरघर."

"मी पेपरमधली अर्धी बातमी मोठ्याने वाचली."

"पण मॅडम, फेब्रुवारीत एसी कशाला लावतील? थंडी असते."

उत्तर जयने दिलं. "खिडकीच नाहीये सर. मशीन बंद केलं की बारा महिने गुदमरायला होतं. स्विचला टेप लावून ठेवलीय आम्ही."

* * *

पाटणकर कुटुंब उन्हाळ्यात रुवैसहून दुबईला आलं होतं, कॉलेजपासून दोन गल्ल्या सोडून. तन्मयची आई कुंदाबाई यांनी पोहे केले होते. त्यांना वाटलं, तोडणकरांच्या नेमणुकीसाठी चांगलं बोलायला कोणीतरी आलंय.

"सर नसते तर हा आज दिसला नसता," त्या म्हणाल्या. "नऊ तास माझ्या शेजारी बाकावर बसले होते. पाण्याचा घोट घेतला नाही. आता आम्ही दर शुक्रवारी बर दुबईच्या मंदिरात जातो, याच्यासाठी. मेट्रो दोनला सुरू होते ना, जेवण उरकून पहिलीच गाडी पकडतो. हाच माझा हात धरून नेतो, मला त्या सरकत्या जिन्याची भीती वाटते."

तन्मय उजवा कान पुढे करून बसला होता.

"तन्मय," सुमेधाने विचारलं, "सामन्याआधी तुला बरं वाटत होतं?"

"आय वॉज फाइन, आंटी."

"कोणाला काही सांगितलं होतंस?"

"देअर वॉज नथिंग टु टेल." त्याचा आवाज चढला. "सर नेव्हर टोल्ड मी टु प्ले फॉर्टी मिनिट्स ऑर एनीथिंग. ही इज द बेस्ट कोच. प्लीज, त्यांनाच घ्या."

कुंदाबाई कौतुकाने मुलाकडे बघत राहिल्या. सुमेधाने पोह्यांची बशी संपवली आणि उठली.

"मुलगा नाही म्हणतोय," जिना उतरताना विजयकुमार म्हणाला. "म्हणजे पत्र खोटं. लिहिणारा जयच."

"तो नेमकं काय नाही म्हणाला, ते वहीत लिहा," सुमेधा म्हणाली.

* * *

रामचंद्र तोडणकर शनिवारी रुवैसहून साडेतीन तास गाडी चालवत आले. पंचेचाळिशीचे, रुंद खांद्याचे, बोलायला कमी. सुमेधा फोनवर होती, म्हणून ते विजयकुमारशेजारी खिडकीशी उभे राहिले. समोरच्या पुलावरून मेट्रो गेली.

"ड्रायव्हर नसतो म्हणतात तिला. खरं का?" त्यांनी विचारलं.

"खरंच नसतो. पुढच्या डब्यात बसलात तर समोरचा रूळ दिसतो."

"आमच्या ओवीला दाखवायला हवी. आम्हाला रुवैसमध्ये गाडीशिवाय पानही हलत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "दाखवायला वेळ मिळाला तर. आमचा सेक्शन बंद होतोय. व्हिसा कॅन्सल झाला की देश सोडायला तीस दिवस. ही नोकरी मिळाली तर राहू, नाहीतर खलास, परत."

विजयकुमारला ते तीस दिवस पाठ होते. बायकोची नोकरी टिकली, तिच्या व्हिसावर तो राहिला, नाहीतर त्यानेही सामान बांधलं असतं. त्याला हा माणूस आवडला आणि आवडल्याचं त्याने वहीत लिहिलं नाही.

सुमेधा आली, तिने त्यांना बसायला सांगितलं. तिने पत्र दाखवलं नाही.

"तुमच्याबद्दल कॉलेजला एक निनावी पत्र आलंय," एवढंच ती म्हणाली.

तोडणकरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तन्मयला विचारलंत?"

"विचारलं. काही झालं नव्हतं म्हणतो."

तोडणकरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तो म्हणतो ना," शेवटी ते म्हणाले. "मग तसंच असेल."

* * *

रविवारी सकाळी कॉलेजच्या मीटिंग रूममध्ये कमिटीचे चौघे, शोभनाबाई, तोडणकर, जय, तन्मय आणि कुंदाबाई बसले होते. विजयकुमार वही घेऊन दाराशी. गुन्हेगार जयच, असं त्याला अजूनही वाटत होतं.

सुमेधाने पत्र वाचून दाखवलं. कुंदाबाईंचा हात पदराशी थांबला.

"पहिला प्रश्न, हे खरं आहे का," सुमेधा म्हणाली. "खरं आहे. हे मला तन्मयने सांगितलं, नाही म्हणता म्हणता. मी त्याला बरं वाटत होतं का एवढंच विचारलं. चाळीस मिनिटांचा शब्द मी काढला नव्हता. तो त्याने काढला."

तन्मयची मान खाली गेली.

"आता लिहिलं कोणी? पत्र म्हणतं, मी केबिनबाहेर उभा राहून ऐकलं. ते शक्य नाही. आत पेपर वाचला तरी बाहेर ऐकू येत नाही, आणि ते मशीन कधीच बंद नसतं. म्हणजे ते शब्द आत असलेल्यांनाच माहीत. आत दोघंच होते. तन्मय, तू हे कोणाला सांगितलं होतंस?"

"नोबडी," तो पुटपुटला. "आईलासुद्धा नाही."

"मग तन्मयनेच लिहिलं की!" कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले.

"पत्र लिहिणारा म्हणतो, शुक्रवारी साडेनऊच्या आधी मेट्रोने आलो. शुक्रवारी मेट्रो दुपारी दोनला सुरू होते. तन्मय दर शुक्रवारी आईला घेऊन पहिल्या गाडीने मंदिरात जातो. जय मेट्रोनेच येतात, आणि त्या शुक्रवारी टॅक्सीने आले होते, कारण मेट्रो नव्हतीच. दुबईकर दिसण्यासाठी मेट्रोचं नाव घालणारा, पण तिच्यात कधी न बसलेला माणूस हवा. ड्रायव्हर नसतो हे खरं का, असं विचारणारा."

विजयकुमारच्या हातातलं पेन थांबलं. तो प्रश्न त्यालाच विचारला होता, आणि फोनवर असूनही सुमेधाने तो ऐकला होता.

"पत्राचा सूरही बघा. वैऱ्याने 'याला घेऊ नका' लिहिलं असतं. हा म्हणतो, 'विचारा'. मुलाचं नाव लपवतो, त्याची चूक नाही म्हणतो. आणि शेवटचं. निनावी पत्र आलंय म्हटल्यावर कोणीही आधी विचारतो, काय लिहिलंय त्यात? तोडणकरांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. स्वतःविरुद्धचं हे पत्र त्यांनीच लिहिलं. बुधवारी, मुलाखतीनंतर."

जय अर्धवट उठला आणि परत बसला.

"हो," तोडणकर म्हणाले. "मुलाखतीत तुम्ही सगळं विचारलंत. किती कप, किती गोल. त्या फायनलबद्दल विचाराल म्हणून मी वाट बघत होतो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात." ते थांबले. "नोकरी नको म्हणायची हिंमत नव्हती. घरी काय सांगणार? आणि तोंडाने कबूल करायचीही नव्हती. वाटलं, कोणीतरी विचारेल, मग सांगेन. टिपणीस मॅडमनी विचारलं, तर पोराने मला वाचवायला खोटं सांगितलेलं. मी त्याच्याआड लपलो. दुसऱ्यांदा."

"सर, मला खेळायचं होतं," तन्मय म्हणाला. या वेळी मराठीत.

"तुला खेळायचंच असणार. सतरा वर्षांचा होतास तू. नाही म्हणणं माझं काम होतं."

मग कुंदाबाई बोलल्या, अगदी हळू. "नऊ तास माझ्या शेजारी बसला होतात तुम्ही. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, आधी काही त्रास होता का, म्हणून. मी नाही, नाही म्हणत होते. तुम्ही ऐकत होतात."

तोडणकरांनी होकारार्थी मान हलवली.

शोभनाबाईंनी जयकडे पाहिलं. "स्कोअर सांगतो, असं टिपणीस मॅडमना म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणालो होतो," जय म्हणाला. "त्या दिवशी ते दोन-एकने जिंकले."

शोभनाबाई तोडणकरांकडे वळल्या. "गोल मारायला शिकवणारा मला कुठेही मिळेल. पण पोरगं चक्कर येतेय म्हणालं की काय करायचं, हे बंद दाराआड ठरतं, आणि तिथे आमच्यातलं कोणी नसतं. तुम्ही पत्र पाठवलंत, हे मी विसरणार नाही. पण सही केली असतीत, तर माझा निर्णय कदाचित वेगळा असता. मी तुम्हाला नेमू शकत नाही."

"बरोबर आहे," तोडणकर म्हणाले. त्यांचा आवाज शनिवारपेक्षा मोकळा होता, असं विजयकुमारला वाटलं.

* * *

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोडणकर कुटुंब कायमचं परत गेलं. रिपोर्टची एक प्रत तोडणकरांना द्यायची राहिली होती, म्हणून विजयकुमार दुपारी एअरपोर्टवर गेला. तो पोचला तेव्हा चेक-इनच्या रांगेशी कुंदाबाई उभ्या होत्या, तन्मयला घेऊन.

त्या तोडणकरांशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या बायकोला त्यांनी जवळ घेतलं, लहान ओवीच्या हातात प्रवासात खायला थालीपिठांचा डबा दिला आणि मागे सरल्या. तन्मय मात्र थांबला. तोडणकर वाकले आणि त्याच्या उजव्या कानाशी काहीतरी बोलले.

परतताना विजयकुमारने त्याला विचारलं, "काय म्हणाले?"

"ही सेड सॉरी," तन्मय म्हणाला. "आईने मला आधीच सांगितलं होतं, ते म्हणाले तर म्हणू देत, 'इट्स ओके' म्हणायची घाई करू नकोस."

"मग तू काय म्हणालास?"

"काहीच नाही. आय जस्ट लिसन्ड."