मागल्या चाकावर तीन टोले

ही थाप वाटत असेल त्यांनी खुशाल दिंद्रुडला यावं आणि सिदूला विचारावं. पिकअप त्याच्या दारात आजही उभी आहे.

फक्त तिच्या डाव्या मागच्या चाकाजवळ उभं राहून विचारू नये.

घडलं ते रात्री नाही. मागच्या एप्रिलात, भर दुपारी एक वाजता.

गाडी आसारामबप्पाची. वीस वर्षं त्यांनी तिच्यातून ऊसतोडीची माणसं नेली-आणली. सिदूला विकताना म्हातारा एवढंच म्हणाला,

"चालू करायच्या आदी डाव्या मागल्या चाकावर पान्यानं तीनदा ठोक. आन् म्हण, उठ गं बाई, गाडी निघाली."

"कावून, बप्पा?"

"इचारू नको. ठोक."

सिदू आठवडाभर ठोकत राहिला. मग हौस आली. चकचकीत अ‍ॅलॉयची चाकं बसवली. गॅरेजवाला बजरंग हसला, "म्हातारीला शालू नेसवतो का बे?"

नव्या चाकाला ओरखडा पडेल म्हणून सिदूने ठोकणं सोडलं.

इथेच चुकलं.

गाडीच्या पोटाचा सगळा गंज खरवडून त्याने लाल प्रायमर मारला, वर काळा रंग. सगळीकडे टिकला. डाव्या मागच्या चाकाच्या वर मात्र चौथ्या दिवशी गंज फुटला...

तळहाताएवढा. लहान तळहाताएवढा.

तीनदा खरवडला. तीनदा आला.

त्या दुपारी माजलगावला पोती टाकायची होती. सिदू जेवून गाडीत बसला. बायको मंगल आतून ओरडली, "आरोही कुटं हाय?"

"निजली आसंल आत."

त्याने किल्लीला हात लावला आणि...

टण्.

टण्. टण्.

जुन्या लोखंडी चाकाचा आवाज. ती चाकं तर कधीच भंगारात गेली होती!

सिदू चिडून उतरला. मागे कुणी नव्हतं. तो वाकला.

डाव्या चाकाला पाठ लावून त्याची चार वर्षांची आरोही गाढ झोपली होती.

त्याने तिला ओढून छातीशी धरलं. 

"हितं कावून निजलीस गं?"

"ताईनं बोलावलं. सावली हाय म्हनली."

"कोन ताई?"

पोरीने चाकाकडे बोट दाखवलं. अ‍ॅलॉयवर गंजाचे तीन ठिपके होते. गाडी गॅरेजात नेल्यावर बजरंगने पुसून पाहिले. निघेनात.

"याला गंज चढतच न्हाई बे!" तो पुटपुटला.

सिदू तडक बप्पांकडे गेला.  ऐकून म्हातारा रडायलाच लागला.

"एका पोरीची माय फडात ऊस तोडत व्हती. लेकरू गाडीखाली सावलीला निजलं व्हतं. म्या न बघता गाडी काढली, सिदू."

"मग आज ठोकलं कुनी? आन् माज्या पोरीला बोलावलं कुनी?"

बप्पांनी जुना पाना त्याच्या हातात ठेवला. "ठोक."

आता सिदू रोज ठोकतो. 'उठ गं बाई' म्हणतो. वाकून बघतो. खाली कुणी नसतं.

गाडी निघते, तेव्हा आरोही दारातून हात हलवते.

बापाकडे बघून नाही...

डाव्या मागच्या चाकाकडे बघून.