बोलकं कॅलेंडर

लिफ्ट बंद होती, म्हणून दोघं जिन्यात भेटले. ती उघडा लॅपटॉप सांभाळत उतरत होती, तो दोन-दोन पायऱ्या चढत होता. वळणावर धडक होता होता राहिली.

"तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचे ना?" तिने विचारलं. "तिथे कॅलेंडर कोणी लिहिलंय?"

"का हो?"

"भेटायचंय त्या महाशयांना. दिसायला देखणं आहे, पण अगदीच मुकं."

"कॅलेंडर की महाशय?"

तिने मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते.

"अच्छा... म्हणजे तुम्हीच."

ऑफिसात त्याला सगळे बटणवाला म्हणत. दवाखान्यांच्या वेबसाइट बनवणाऱ्या पाच टीम होत्या. त्या सगळ्यांना लागणारी बटणं, फॉर्म, कॅलेंडर त्याने एकाच जावास्क्रिप्ट लायब्ररीत, म्हणजे सामायिक कोडसंग्रहात, लिहून ठेवली होती. सोमवारी ही लायब्ररी पाचही टीमच्या वेबसाइटवर जाणार होती. शेवटची तपासणी आली होती या नव्या टेस्टरकडे.

तिने इअरफोन पुढे केले. "डोळे मिटा. आणि मंगळवारची वेळ घेऊन दाखवा."

तो पायरीवर बसला. स्क्रीन वाचणारा आवाज कानात बोलू लागला... बटण. बटण. बटण. मंगळवार कुठे, सकाळ कुठे, काही पत्ता लागेना. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"टेस्ट तर सगळ्या पास आहेत," तो हळूच म्हणाला.

"त्या बघतात. ऐकत नाहीत."

"तुम्हाला बरं सुचलं."

"सुचलं नाही... घरी ऐकते."

तिचे बाबा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. आता डोळ्यांपुढे नुसता उजेड उरला होता. तरी डॉक्टरांची वेळ ते फोनवर, असाच स्क्रीन वाचणारा आवाज ऐकत, स्वतःच घ्यायचे. त्यांच्या दवाखान्यात हे कॅलेंडर चाचणीसाठी लागलं, आणि तेव्हापासून ते फोन पालथा ठेवून तिची वाट बघत बसू लागले.

त्याने सोमवारचं काम थांबवलं. साहेबांनी चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. त्याने तिचं नाव घेतलं नाही, चूक माझी आहे एवढंच म्हणाला. हे तिला दुसऱ्यांकडून कळलं, आणि त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागेना.

पुढचे तीन आठवडे दोघं शेजारी बसले. तो लिहायचा, ती डोळे मिटून तपासायची. तिचे डोळे मिटलेले असले की तो जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघायचा... तिला ते कळायचं.

"अजून मुकं आहे?"

"बोलतंय. पण फार बडबडतंय. लिहिणाऱ्यावर गेलंय."

रविवारी सकाळी तो तिच्या घरी आला. बाबांनी फोन कानाशी धरला. त्यातला आवाज बोलला, "मंगळवार, चौदा. साडेदहा. जागा आहे." बाबांनी बोट टेकवलं. वेळ नक्की झाली. त्यांनी फोन खाली ठेवला, लगेच परत उचलला. मग म्हणाले, "आणखी एक घेतो. हिच्यासाठी. वर्षभर टाळतेय."

ती उठून गॅलरीत गेली. थोड्या वेळाने तोही गेला. वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने फुगत होत्या.

"बाबांचा आजार रक्तातून येतो," ती कठड्याकडे बघत म्हणाली. "मला होण्याची शक्यता निम्मी. म्हणून तपासून घेत नाही... आणि म्हणूनच कोणाला जवळही येऊ देत नाही. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

काही होणार नाही, असं तो म्हणाला असता तर तिने त्याला तिथूनच निरोप दिला असता. त्याने फुगून मधे आलेली चादर बाजूला सारली. मग त्याने विचारलं, "मंगळवारी येऊ का मी... तुझ्याबरोबर?"

आजवर तो तिला तुम्ही म्हणत आला होता.

"निकाल वाईट आला तर?"

"निकाल ऐकायला येत नाहीये मी. तुझ्यासाठी येतोय."

 आतून बाबा चहाला हाका मारत होते. ती हलली नाही. कठड्यावरचा तिचा हात तेवढा सरकला, आणि त्याच्या हातावर जाऊन थांबला.