कार्बोरेटरवरची ओली रेघ

चौकात वळताना गाडीत पेट्रोलचा वास इतका भरला, की मी घाबरून ती कडेला घेतली. समोर गॅरेज होतं, हा निव्वळ योगायोग. आतून एक उंच मेकॅनिक हात पुसत आला. "किल्ली काढा. मी सांगेपर्यंत पुन्हा लावू नका."

"तिघांनी सांगितलं, कार्बोरेटर गेलाय, नवा मिळणार नाही," मी म्हणाले. "सोमवारी भंगारवाला येतोय."

गाडी आईची. बाबांना चालवायला तिनंच शिकवलेलं. ती गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी गाडीत नुसते बसून येतात.

"तुम्ही काय करता?"

"दातांची डॉक्टर आहे."

"दुखरा दात लगेच काढता, की आधी वाचवायला बघता?"

"वाचवायला बघते."

"मग आपलं जमेल," तो म्हणाला... आणि कानापर्यंत लाल झाला.

त्यानं कार्बोरेटर कोरडा पुसला, त्यावर पांढरी पावडर भुरभुरली आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची दांडी हातानं हलवू लागला. मी जवळ जाऊन बघत राहिले. पावडरीवर एक काळपट रेघ उमटली — वरून खाली.

"खाली ओल दिसते म्हणून सगळे खालीच शोधत बसले," तो हळूच म्हणाला. "हा गळत नाहीये. भरून वाहतोय."

झाकण उघडून त्यानं आतला पितळी फ्लोट काढला. पेट्रोल पुरेसं झालं की तरंगत वर येऊन त्याची वाट बंद करणारा, नखाएवढ्या पातळ पत्र्याचा पोकळ डबा. त्यानं तो माझ्या कानाशी हलवला. आत काहीतरी डुचमळलं.

"पेट्रोल शिरलंय. जड झाला, तरंगेना."

"पण शिरलं कुठून?"

त्यानं वाडग्यात गरम पाणी आणलं आणि फ्लोट बुडवला. आम्ही दोघं वाकलो. आधी काहीच नाही. मग सांध्यापाशी एक बुडबुडा सुटला, त्याच्यामागे दुसरा... न दिसणाऱ्या भोकातून बारीक मण्यांची माळ वर येत राहिली. रोज भिंग लावून दात बघणारी मी, पण असं काही पाहिलं नव्हतं. मान वर केली तर तो पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. एवढ्या कौतुकानं इथं कुणी बघत नाही."

आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावर भोक कथलानं झाळून बुजवायचं होतं, म्हणून गाडी तिथंच ठेवली. रविवारी बाबांना घेऊन गेले. पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं. बराच वेळ चालू ठेवलं. कार्बोरेटर कोरडा ठणठणीत. बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि एकटेच चक्कर मारायला निघाले. वर्षभरानंतर पहिल्यांदा.

गाडी वळणाआड गेली. आता आम्ही दोघंच.

"मला आडून बोलता येत नाही," मी म्हणाले. "तुम्ही मला आवडलात. खूप."

तो आपल्या काळ्या तळव्यांकडे बघून म्हणाला, "थांबा. असे हात घेऊन उत्तर देणार नाही मी."

आत नळ सुरू झाला. साबण घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी भर उन्हात उभी राहिले.

तो बाहेर आला. नखांत काळं तसंच होतं, बाकी हात लख्ख. ओला हात त्यानं पुढे केला.

"हो," तो म्हणाला. "मलाही."